रेशमचं तिसरं वेत

दाराची कडी वाजली आणि नुकताच डोळा लागलेली तान्ही माझ्या मांडीवर दचकली. पिल्लू न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. पाण्याअभावी माझ्या नवऱ्याची, देवेशची चिकलठाण्याची कंपनी बंद पडली, तेव्हापासून आमचं घर रेशम या पर्शियन मांजरीच्या पिल्लांवर चालतं. वर्षभरातलं हे तिचं तिसरं वेत.

"दोन महिन्यांचं आहे म्हण," देवेश हळूच म्हणाला.

"अरे, अजून अंगावर पितंय ते."

"त्यांना कुठं कळतंय? लहानच पाहिजे म्हणतेत सगळे."

पहिल्या वेताला रेशमनं माणसांची चाहूल लागताच पिल्लं कपाटात नेऊन लपवली होती. दुसऱ्या वेताला ती एका बाईंच्या हाताला कडकडून चावली. म्हणून आज तिला आधीच आतल्या खोलीत कोंडावं, असं म्हणत मी तान्हीला खांद्यावर घेऊन उठले. पण देवेशनं दार उघडून गिऱ्हाइकाला आत घेतलं, तोवर रेशम माझ्याही आधी उठली होती. विकायचं राहिलेलं एकच पिल्लू तिनं मानेला धरून उचललं, गिऱ्हाइकाच्या पायाशी आणून ठेवलं आणि मागं वळून न बघता आत निघून गेली.

माझ्या थोरल्या लेकीनं, ओवीनं माझी ओढणी ओढली.


"आई, हे तिला कुणी शिकवलं?"