सतरा नंबरचं घरटं

तहसीननं पहिली लाथ जाळीला घातली, दुसरी नेफिसेला.

ती वाळूत आडवी झाली, पण जाळी सोडली नाही. जाळीखाली कासविणीची सत्त्याण्णव अंडी होती. सतरा नंबरचं घरटं. नेमक्या त्याच जागी तहसीनला आपल्या नव्या बारच्या मांडवाचा लोखंडी खांब रोवायचा होता. ट्रॅक्टरच्या मागे लावलेलं पुरुषभर उंचीचं गिरमिट घरघरत होतं.

"ऊठ वहिनी. बाईमाणसावर हात टाकायला लावू नकोस."

"पाय टाकून झाला की!" नेफिसेनं तोंडातली वाळू थुंकली. वाळूबरोबर रक्तही आलं.

"तुझ्या कासवांना अख्खा किनारा पडलाय."

"आणि तुझ्या बाटल्यांना अख्खं गाव पडलंय."

"रूही असता ना, तर केसांना धरून घरी नेलं असतं तुला!"

हे मात्र खरं होतं. रूहीनं, तिच्या नवऱ्यानं, वीस वर्षांत तिची दोन बोटं आणि एक बरगडी मोडली होती, आणि हिशेब तिथंच संपत नव्हता. मेच्या अखेरीस तो गावातून नाहीसा झाला. अंताल्या शहरातल्या कुठल्याशा गाणाऱ्या बाईबरोबर पळाला, असं चहाच्या दुकानातल्या रिकामटेकड्यांनी ठरवून टाकलं. त्यांना पुरावा कधीच लागत नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं बायका नेफिसेला तोंडावर म्हणाल्या.

घरट्यांची राखण ती चार वर्षं करत होती. कासवीण कधीकधी पाण्याला अगदी लागून अंडी घालते. लाटा आल्या की ती नासतात. म्हणून त्याच सकाळी ती वर कोरड्या वाळूत हलवायची, अंडं जसं होतं तसंच धरून, जराही न फिरवता. नवा खड्डा कुठं खणायचा ते नेफिसे ठरवी. सतरा नंबरचं घरटं तिनं असंच वर आणलं होतं. एकदा वर जाळी बसली की मुदत भरेपर्यंत त्या वाळूत कुणी बोटसुद्धा घालायचं नाही, असा कायदा होता. तहसीनला कायदा पाठ होता, पण पाठ असणं आणि पाळणं यांत फरक असतोच.

त्यानं तिचा डोक्याचा रुमाल धरला आणि तिला फरफटत बाजूला ओढलं.

"चालव!" तो ट्रॅक्टरवर बसलेल्या मेहुण्यावर ओरडला.

गिरमिटाचं टोक जाळीवर उतरलं. एक तार तटकन तुटली. नेफिसेनं रुमालाची गाठ सोडली, तहसीनच्या हातात नुसतं फडकं राहिलं. तिनं नंबराची लाकडी खुंटी उपटली आणि सगळा जोर लावून त्याच्या मांडीत खुपसली.

तो गुरासारखा ओरडला. त्याच्या बुक्कीनं तिचा पुढचा दात गेला. तिनं खुंटी सोडली नाही, उलट पिळली. रक्ताची चिळकांडी पाहून ट्रॅक्टरवरचा मेहुणा यंत्र बंद करून जो पळाला, तो थेट मशिदीपाशी थांबला.

"वेडी आहेस तू!" तहसीन वाळूत लोळत रडत होता. "कासवांसाठी माणूस मारशील?"

"पुन्हा इथं खणून बघ, म्हणजे कळेल."

तहसीनला दवाखान्यात नेलं आणि तिथून कोठडीत. गावाला नेफिसेचा अचानक अभिमान वाटू लागला. मेल्यांना आजवर तिचे सुजलेले डोळे दिसले नव्हते!

चौथ्या दिवशी पिल्लं निघाली आणि काळ्या बटणांसारखी तुरुतुरु समुद्राकडे गेली. नेफिसे हमसून रडली. विद्यापीठातले प्राध्यापक हिकमत आले. सगळं गाव त्यांना होजा, म्हणजे गुरुजी, म्हणे. टरफलं मोजायची म्हणून सकाळी ते आणि नेफिसे असे दोघंच घरट्यापाशी बसले. बाकीचे न्याहारीला गेले होते.

"एक्याण्णव फुटली, नेफिसेताई! सत्त्याण्णवातली एक्याण्णव! तुम्ही निवडलेल्या जागेला तोड नाही." होजा चष्मा पुसत म्हणाले. "पण बेचाळीस दिवसांत? इथं पंचावन्न लागतात."

"लवकर आली. बरंच झालं की."

"वाळू गरम असली तरच लवकर येतात." त्यांनी खड्ड्याच्या तळाशी तापमापक खुपसला, वाट पाहिली, आणि भुवया वर गेल्या. "शेजारच्या घरट्याहून चार अंश जास्त! ऊब खालून येतेय. खाली काहीतरी कुजतंय, ताई. शेवाळ असेल, जुनी होडी असेल. बघू या."

"राहू द्या होजा. पिल्लं गेली, काम झालं. चहा घ्या."

"छे! या घरट्यासाठी तुम्ही दात गमावलात. त्याचं गुपित तरी कळू दे. हातभर खणलं की झालं."

ते उत्साहानं फावडं मारू लागले. वाळू मऊ होती, भराभर निघत होती. मग फावडं बाजूला टाकून ते पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"अरे, कापड लागतंय. आणि हा... पट्टा आहे का?"

नेफिसे त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. होजा भला माणूस होता. चार वर्षांत त्यानं तिला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती. तिला भडभडून आलं. तिनं फावडं दोन्ही हातांनी उचललं. रूहीला तीन घाव लागले होते, पण तो तिच्याकडे तोंड करून उभा होता.