विहिरीवरून आलेली माणसं

बाईनं दुसऱ्यांदा हाक मारली तरी अंबादासनं मागं वळून पाहिलं नाही. पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा कॅन छातीशी धरून तो सुरूच्या बनातून जो पळत सुटला, तो थेट तंबूपाशी येऊन थांबला.

तंबू म्हणजे साकीनाक्याच्या वर्कशॉपातून मागून आणलेली ताडपत्री आणि चार बांबू. शेजाऱ्यांच्या नव्या रंगीत टीव्हीवर कुणीतरी समुद्रकाठी तंबू ठोकून राहिलेलं बघितल्यापासून सहा वर्षांच्या माणिकनं हट्ट धरला होता, आणि लेकीपुढं अंबादासचं कधीच काही चालत नसे. दुपारी मुलुंडहून निघून, वर्सोव्याला होडीत बसून तिघं मढला आले. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूचा पट्टा. गावापासून लांबची जागा अंबादासनंच निवडली होती. घरून आणलेलं पाणी माणिकनं वाळूचा किल्ला करण्यात संपवलं, नाहीतर तो विहिरीच्या वाटेला गेलाच नसता.

"एवढ्या धापा का टाकताय?" त्याच्या बायकोनं, शकुनं विचारलं.

"पाणी काढताना एका बाईनं बघितलं. हात वर करून ओरडायला लागली."

"काय म्हणाली?"

"ऐकायला थांबलो नाही." तो खाली बसला. "विहिरीवर दोर-पोहरा काही ठेवलेलं नव्हतं. वर काटेरी फांदी आडवी टाकलेली."

"मग?"

"बाजूला केली. ताडपत्रीची दोरी कॅनला बांधली."

विहिरीवर काटेरी फांदी कुणासाठी टाकतात, हे जालन्याकडच्या त्यांच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. अंबादासच्या बापानं एका उन्हाळ्यात अशीच फांदी उचलली होती. तेव्हाही आधी एक बाईच ओरडली, मग माणसं आली. बापाचा उजवा हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. लहानगा अंबादास ते सगळं कडब्याच्या गंजीमागून बघत होता. मुंबईत तो ताठ मानेनं राहायचा, कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. पण ती भीती काही त्याला सोडून गेली नव्हती.

"इथं कोण विचारतंय जात?" शकु म्हणाली खरी, पण तिचाही आवाज पडला होता.

"गाव ते गाव."

दिवेलागणीला सुरूच्या बनात दोन बॅटऱ्या चमकल्या. त्यांच्यामागून पेट्रोमॅक्स आला. माणसं बरीच होती आणि बहुतेकांच्या हातात काठ्या होत्या. ती ओरडत होती. लाटांच्या आवाजात शब्द कळत नव्हते, राग तेवढा कळत होता.

अंबादासनं माणिकला उचललं. "चल, केवड्यात."

"कॅन राहू दे ना!"

"नको. तोच पुरावा होईल."

तिघं केवड्याच्या झुडपात घुसले. काटे अंगाला ओरबाडत होते. माणिक मुसमुसायला लागली, तसं त्यानं कॅनच्या झाकणात पाणी ओतून तिच्या तोंडाला लावलं.

"पप्पा, कडू आहे."

"खाडीजवळचं पाणी मचूळच असतं, राणी. पी आणि गप्प बस."

ती प्यायली. माणसं आता तंबूपाशी पोचली होती. कुणीतरी काठीनं ताडपत्री उचलून पाहिली.

"सामान हाय, माणसा नाय."

"डबा घेऊन पलालाय तो. बायको-पोरगी संगती हाय, दुपारी होरीन बघितली मी."

"मंग लांब नाय गेला. दोघा जना होरीवर जा. तिथून सोरू नका त्यांना."

"सगुणाबाय, तू घरला जा."

"नाय," बाईचा आवाज आला. "मी बघितलाय त्याला. मीच वलखीन."

शकुनं अंबादासचा दंड घट्ट धरला. "आपणच पुढं होऊ या. हात जोडू. लेकरू बघितल्यावर काही करणार नाहीत."

"बाप हात जोडूनच उभा होता," अंबादास म्हणाला.

मार त्यानं सोसला असता. पण उद्यापासून माणिक आपल्याकडं कोणत्या नजरेनं बघेल, हा विचार त्याला सहन होईना. बापाकडं तो स्वतः पुढं कसा बघत राहिला, ते त्याला चांगलं आठवत होतं. नाही, लेकीनं ते बघायचं नाही.

"पप्पा, पोटात दुखतंय."

"घाबरलीस ना, म्हणून. अजून एक घोट घे."

काठ्या झुडपांवर आपटत होत्या. माणूस जवळ आला की माणिक हुंदका द्यायची, आणि अंबादास झाकण पुढं करायचा. शकुलाही कोरड पडली होती, पण लेकीला पुरावं म्हणून तिनं थेंब घेतला नाही. हळूहळू माणिकचे हुंदके थांबले. तिनं मान त्याच्या खांद्यावर टाकली. तिच्या तोंडाची लाळ त्याच्या शर्टात झिरपत होती.

"झोपली एकदाची," तो पुटपुटला. त्याला फार बरं वाटलं.

पुरुष खाडीच्या अंगाला वळले. बाई मात्र मागं राहिली. कंदील घेऊन ती झुडपापर्यंत आली, इतकी जवळ की तिच्या धापा ऐकू येत होत्या. अंबादासनं शकुच्या तोंडावर हात दाबला आणि लेकीला आणखी घट्ट धरलं.

बाईनं कंदील उंच केला. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. ती अंधाराकडं तोंड करून म्हणाली, "दादा, जिथं असशील तिथून आईक रं! पोरीला ता पानी पाजू नको, सकालीच हिरीन फवारनीचा औषध परलाय!"