कोरं पायपुसणं

म्हातारीनं चपला पायरीवरच काढल्या, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि दारातलं जाडजूड मरून रंगाचं पायपुसणं ओलांडून पाय थेट आतल्या पांढऱ्या फरशीवर टाकला. फरशीवर काळ्या मातीचं अख्खं पाऊल उमटलं.

"आजी, त्याच्यावर पाय पुसायचे असत्यात," पंचफुला म्हणाली.

"आगं बया! येवढ्या चांगल्या सतरंजीवर? घाण व्हईल की."

दाढ धरून म्हातारी दवाखान्याचा जिना चढली. पंचफुलानं तिच्या मागोमाग फडकं फिरवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. सकाळपासून कशाला, महिनाभर हेच. औश्याकडचे, रेणापूरकडचे पेशंट यायचे, पायपुसणं बघून बिचकायचे, वहाणा बाहेर काढायचे आणि अनवाणी पायांनी कडेकडेनं आत शिरायचे. काहीजण तर आधी त्याला हात लावून बघायचे.

पायपुसण्याला कॉम्प्लेक्समध्ये मॅट म्हणत. दातांचे डॉक्टर उमाशंकर यांनी ती हैदराबादहून मागवली होती. माती दारातच अडली तर आत पुसायला बाई कशाला, असा त्यांचा सवाल होता. कॉम्प्लेक्समधल्या दुकानदारांच्या कमिटीनं महिनाभर बघू म्हटलं. तो महिना आज भरत होता. मॅट राहणार की पंचफुला, हे ठरवायला कमिटी दारात जमणार होती. म्हणून पंचफुलानं आज फरशी नेहमीपेक्षा जास्त घासली. कुणी बोट ठेवायला जागा नको.

दुपारी रेवणप्पा शेट आपल्या कापडदुकानातून बाहेर आले. ते कमिटीचे अध्यक्ष. मागोमाग बाकीचे दुकानदारही दारात जमले. त्यांनी खरंच बोट ठेवलं. फरशीवर फिरवलं, उजेडात धरलं.

"डॉक्टर, आरसा हाय आरसा!"

उमाशंकरांनी मॅटचा कोपरा उचलून झटकला. काहीच पडलं नाही.

"आता बोला," ते म्हणाले.

रेवणप्पा जरा घुटमळले. माणूस व्यापारी होता. "फरशीवर माती न्हाई, मॅटमध्ये बी न्हाई. मग गेली कुठं?"

"आप्पा, दारात मॅट दिसली की माणूस पाय बाहेरच झटकून येतो. सवय लागते. हाच तर मॅटचा फायदा."

पंचफुला जिन्याखाली बादली घेऊन उभी होती. तिला राहवलं नाही.

"मालक, त्याच्यावर कुणी पायच देईना. वलांडून येत्यात समदे. माती मी पुसतीया."

"कुठंय माती? दाखव बरं," डॉक्टर म्हणाले.

पंचफुलानं फरशीकडं पाहिलं. दारापासून जिन्यापर्यंत नुसतं लखलख.

"दिसंल कशी? पुसली की आत्ताच."

रेवणप्पा हसले. वाईट नव्हते हसले. "आगं, ते आम्हाला बी कळतं. पर कमिटी हाय ही. जे दिसतंय त्याच्यावरच ठराव करावा लागतो. उद्यापसून येऊ नको. हिशेब सांजच्याला घेऊन जा."

"मालक, थोडं थांबा. येक पेशंट येऊ द्या. डोळ्यानं बघा."

"जेवणाची वेळ झाली," उमाशंकर घड्याळाकडं बघत म्हणाले.

कमिटी पांगली. पंचफुलानं बादली जिन्याखाली ठेवली, फडकं पिळून तिच्या काठावर वाळत टाकलं आणि दाराकडं निघाली. तिचे पाय ओले होते. मॅटपाशी येऊन तिनं एक पाय उचलला.

"ए पंचफुला," दुकानाच्या दारातून रेवणप्पा ओरडले, "बाजूनं जा. नवी हाय ती."