आईकडून की बापाकडून

बहिणीचं लग्न उरकून विशाखा संशोधन केंद्रावर परतली, तेव्हा तिच्या मिरच्या नवरीपेक्षा जास्त नटल्या होत्या. सगळ्या लालभडक, एकीवरही डाग नाही. ती ओळीओळीतून डाग शोधत फिरली. जाण्याआधी तिने स्वतःच्या हातांनी त्यांच्यावर फळं कुजवणारी बुरशी फवारली होती. कित्येक पिढ्या संकर करून झाले, आता त्यांतून रोगाला पुरून उरणारी झाडं निवडायची, तर आधी रोग नको का? तुलनेसाठी लावलेली दुबळ्या गावठी मिरचीची ओळ तर हमखास कुजायला हवी होती. तीही टवटवीत उभी होती.

"अहो, पाहणीला समिती येणार आणि शेतात डागाळलेली मिरची," केंद्रप्रमुख म्हणाले. "माझ्या लक्षात आलं म्हणून बरं. डागाळलेली फळं तोडून टाकली, दोनदा औषध मारून घेतलं. आभार नका मानू."

तिने मानले नाहीत.

समिती आली, बांधावरून हिंडली आणि नेमकी त्या दुबळ्या ओळीपाशी थांबून माना डोलावू लागली. "उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "ही प्रतिकारशक्ती आईकडून आली की बापाकडून?"

केंद्रप्रमुखांनी घसा खाकरला, पण विशाखाच आधी बोलली. "दोघांकडूनही नाही. आमच्या साहेबांच्या फवारणी पंपातून आली."

"वा," अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. "म्हणजे पुढच्या पिढीत उतरेल ना?"

"उतरेल की. फक्त बियाण्याच्या प्रत्येक पुडीबरोबर एकेक साहेब द्यावा लागेल."