ओ द्यायची नाही

"तिसऱ्या भागाला कुणी हात लावायचा नाही," विनीतनं बजावलं. "‘शून्यतारा’ म्हणजे तिसरा. पुढचे सहाच्या सहा म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी."

"मेल्या, सातवा झोपेत बघितलास काय?" बाळा जाळ्यांच्या ढिगावर उठून बसला. "अख्खं जहाज रिकामं, आणि आतून ठोकल्याचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला होता."

"तुझ्या अंगावर डास बसला तरी काटा येतो," मृणाली म्हणाली. विनीतची ही चुलतबहीण पहिल्या भागाची बाजू लढवायला सकाळच्या एसटीनं लांज्याहून आली होती.

मासेमारीबंदीचे दिवस. मिरकरवाड्याच्या सगळ्या नौका वर ओढलेल्या, निळ्या प्लास्टिकखाली गुरांसारख्या बसलेल्या. बाळाच्या शेडमध्ये काम नव्हतं. शुक्रवारी ‘शून्यतारा’ सिनेमाचा दहावा भाग येणार होता, आणि नवा भाग यायच्या आधीच्या रविवारी इथं भांडायचं, हा तिघांचा कॉलेजपासूनचा नेम.

आईचा फोन संपवून विनीतची बायको समीक्षा बाहेरून आत आली. तिनं एकही भाग धड पाहिला नव्हता, पण गोष्ट तिला पाठ होती. दुसऱ्या ताऱ्यावरून नकल्ये येतात. ते आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतात. जो ओ देतो, तो गेला. लपलेल्यानं फक्त खुणेची थाप ऐकायची, आणि एक थाप मारून उत्तर द्यायचं.

"मनूलाच विचारा ना," बाळा म्हणाला. "काय गो मनू, कुठला भाग बेस्ट?"

जाळ्यावर मनूच्या चपला होत्या. बिस्किटाचा अर्धा तुकडा होता.

"मनू कुठाय?" समीक्षानं विचारलं.

"तुझ्यामागून गेली ना बाहेर?" विनीत म्हणाला.

"मला वाटलं, तुमच्याजवळ आहे."

ती दारात गेली. रिपरिप चालू होती. दोन्ही हातांना नौकाच नौका, शंभरेक तरी असतील. त्यांच्या पलीकडे धक्का. भरती चढत होती. मघाशी दिसणाऱ्या धक्क्याच्या खालच्या तीन पायऱ्या आता दिसत नव्हत्या.

"मनू! मनस्वी!"

"ओ नाही देणार ती," विनीत हसला. "पक्की तयार केलीय मी तिला."

हे तिला ठाऊक होतं. घरी पाहुणे आले की तो चार वर्षांच्या पोरीला मधोमध उभी करायचा. आई हाक मारेल, बाबा हाक मारेल, काय करायचं? ओ द्यायची नाही! का? ते नकल्ये असतील! मग सगळे टाळ्या वाजवायचे. समीक्षानंही वाजवल्या होत्या.

तिनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. आवाज चिरकला. विनीतचं हसू गेलं.

चौघं चार वाटांना धावले. बाळा धक्क्याच्या कडेकडेनं पाण्यात बघत गेला. मृणाली प्लास्टिकं वर करून वाकून वाकून बघत होती. समीक्षा ओरडतच होती, आणि ओरडताना तिच्या ध्यानात आलं, की आपण जितक्या जोरानं हाक मारू तितकी ती जास्त गप्प बसेल.

"खुणेची थाप!" ती विनीतवर ओरडली. "थाप मार!"

त्यानं जवळच्या नौकेच्या फळीवर मूठ आपटली. तीन वेळा. सगळे थांबले. पाऊस तेवढा वाजत होता. तो पुढच्या नौकेकडे गेला. तीन. त्याच्या पुढच्या. तीन.

काही नाही.

बाळा धक्क्यावरून परत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तीनची खूण तिसऱ्या भागातली. सातव्यात ती बदलते. दोन, मग थांबायचं, मग एक." तो विनीतकडे बघत नव्हता. "मघाशी तुम्ही फोनवर होतात, तेव्हा मी तिला सातव्यातली शिकवली. म्हटलं, बाबा तीन थापा मारील, तर तो खोटा. आज माझ्या बाजूनं बोलली असती, म्हणून."

समीक्षानं पुढचं ऐकलं नाही. ती नौकांच्या रांगेत शिरली. दोन. थांबली. एक. पिंपावर, फळीवर, पत्र्यावर, हाताला येईल त्यावर. दोन. एक. हाताची सालटं निघाली. तिसऱ्या रांगेत बर्फाच्या पेट्या होत्या, मासळी ठेवायच्या, जाड झाकणांच्या. बंदीत त्या वाळाव्यात म्हणून झाकणांना काठीचा टेकू देऊन उघड्या ठेवलेल्या. तिनं सवयीनं मूठ आपटली. दोन. थांबली. एक.

आतून काहीतरी लागलं. एकदाच. पिकलेलं फळ गवतात पडावं तसं.

मग तिला दिसलं. या पेटीचं झाकण बंद होतं, आणि काठी खाली चिखलात पडली होती.

झाकण घट्ट बसलं होतं. तिनं दोन्ही हातांनी ते उचकटलं. आत, तळाशी, गुडघे पोटाशी घेऊन मनू बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ काळपट, तोंड उघडं. हवा लागली तशी तिची छाती भात्यासारखी हलायला लागली. तिचे डोळे उघडे होते.

"मनू! अगं माझ्या राणी!" समीक्षानं हात आत घातले.

पोर सरकत पेटीच्या कोपऱ्याला गेली.

"मनू, मी आई गं! मी आई!"

मागून विनीत धापा टाकत आला. "मनू, बाबा!" तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

थोड्या वेळानं तिनं एक हात काढला. समीक्षाच्या तोंडाकडे ती एकटक बघत होती.

"आधी वाजव," ती म्हणाली.