आत्याची रोजची हेमांगी

दुसऱ्या कंपनीचं, एकट्या माणसांशी गप्पा मारणारं सोबतयंत्र म्हाताऱ्या माणसांना एवढं का आवडतं, हे शोधून काढलं की हेमांगीला तिच्या कंपनीत मुख्य डिझायनरची जागा मिळणार होती. तिच्या यमूआत्याकडे ते यंत्र होतं. साफ करून आणते, असं सांगून ती ते न्यायला आली.

"काल तर म्हणालीस, दिवाळीपर्यंत सुट्टी नाही," आत्या म्हणाली.

हेमांगीने सहा महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता. "मी म्हणाले?"

"रोज करतेस की फोन. तासतासभर बोलतेस. आज मात्र चपला न काढताच उभी." आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नक्की हेमांगीच ना गं?"

उघडलं की ते यंत्र कायमचं बंद पडणार, हे हेमांगीला ठाऊक होतं. तरी ऑफिसात नेऊन तिने ते उघडलं. पूर्वीच्या फोनवरच्या बोलण्यातून तिचा आवाज उचलून यंत्रच हेमांगी बनून रोज आत्याशी बोलत होतं. तिने ती युक्ती जशीच्या तशी नव्या आराखड्यात उतरवली आणि संध्याकाळी स्वतः आत्याला फोन लावला.

"आवाज जमलाय हो," आत्या म्हणाली, "पण आमची हेमांगी अशी घाईत नसते." तिने फोन ठेवून दिला.

जागा हेमांगीला मिळाली, नवं यंत्र कंपनीला. भाची तेवढी आत्याची गेली.