हिरवी बादली

साईराजनं हिरव्या बादलीचं झाकण उचललं. आत काहीच नव्हतं. बादली धुऊन पुसून ठेवल्यासारखी कोरडी.

"आवं काकू, ओला कचरा कुठं टाकताय तुमी?"

"कुठंच न्हाई," भोजनशाळा सांभाळणाऱ्या चंदनबालाकाकू म्हणाल्या. "हुतच न्हाई, तर टाकू कुठनं?"

साईराज नगरपंचायतीचा स्वच्छता निरीक्षक. तोही कंत्राटी. सकाळपासून गावच्या बादल्या उघडून त्याचं डोकं उठलं होतं. जैन मंदिराच्या या भोजनशाळेत रोज साठ-सत्तर माणूस जेवतं, आणि खरकटं म्हणून एक शीत नाही? त्याला वाटलं, म्हातारी बनवतेय.

काकूंनी त्याला दंडाला धरून आत नेलं. पंगत उठत होती. जो तो ताटात पाणी ओतून बोटांनी ताट धुऊन घेत होता आणि ते पाणी पिऊन टाकत होता. मग ताट पालथं. इथला नियमच होता तो, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती, कारण काकू जातीनं उभ्या असायच्या. मागच्या दाराशी धोंडुबाई भाजीची देठं आणि शेंगांच्या शिरा पाटीत भरत होती. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातनं आलेलं तिचं बिऱ्हाड गावाबाहेर राहायचं. भोजनशाळेचा सगळा पाला तिच्या शेळ्यांच्या पोटात जायचा.

"बगितलंस? आता तूच सांग, कचरा कुठाय?"

साईराज मटकन पायरीवर बसला.

भानगड अशी होती. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प गावात उभा राहिला होता, सरकारी अनुदानावर. गाव आष्टा-इस्लामपूरच्या मधलं, केवढंसं. पण प्रस्तावात कचरा दाखवला इस्लामपूरएवढा. का, तर जेवढा कचरा मोठा तेवढं अनुदान मोठं. खरा कचरा किती निघतो हे बघायला कुणी आलं नाही. टाकी बांधली, फीत कापली, पेढे खाल्ले, मंडळी घरी गेली. आता टाकी आ वासून बसलेली आणि घालायला काही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यात उद्या पाहणी. कचरा दिसला नाही तर अनुदानाचा पुढचा हप्ता गेलाच म्हणून समजा.

"काकू, उद्याच्या दिवस एक काम करा," साईराज चाचरत म्हणाला. "एक पातेलं भात ज्यादा रांधा. तांदूळ आफिसातनं येतील. आमी यून घिऊन जातो."

"कशाला?"

"टाकीत टाकायला."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? कचरा संपवायला योजना काढायची आणि योजना जगवायला कचरा रांधायचा. ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात, देव जाणे.

"ऊठ," काकू म्हणाल्या. "परत ही पायरी चढू नगंस."

साईराज उठला. जाता जाता जमिनीकडं बघत म्हणाला, "तुमी न्हाई म्हणाला तर अंगणवाडीची खिचडी उचलायची, आसं वरनं ठरलंय. पोरांना उद्या बिस्किटं."



"खिचडीला हात लावू नगा," काकू म्हणाल्या. "भात मी आणते. तुमचं तांदूळ नगोत मला."

बातमी गावभर झाली. वाकली म्हणं काकू, असं लोक बोलायला लागले. काहींना तर गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी भोजनशाळेत पानं मांडली, माणसं बसली, आणि काकू हात जोडून मधोमध उभ्या राहिल्या. रोजच्याएवढंच रांधलं होतं. मूठभर जास्त नाही.

"टाकायला म्हणून रांधणं माझ्या हातनं व्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटचं तेवढं टाकीला देते. माझा आज उपवास. तुमचं तुमी बगा."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. अडतवाल्या पारसनं न जेवताच आपलं ताट पालथं घातलं. मग त्याच्या शेजारच्यानं घातलं. थोड्या वेळानं एकही ताट सुलटं राहिलं नव्हतं.

पारसच्या टेम्पोतून पातेलं प्रकल्पावर आलं. मागोमाग सगळी माणसं चालत आली. पाहणीला आलेले मोठे साहेब टाकीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं तर वाफ आली.

"हे तर ताजं आहे," साहेब म्हणाले. "कचरा कुठे आहे?"

"कचरा न्हाई, सायेब. ह्या समद्या माणसांचं आजचं जेवण हाय ते," काकू म्हणाल्या. "न्हाईतर तुमी पोरांची खिचडी टाकणार हुता. तुमच्या टाकीला भूक लागली म्हणून आमी उपाशी हाय."

साहेबांनी भाताकडं पाहिलं. माणसांकडं पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"वजन करून टाकीत घाला," ते साईराजला म्हणाले.

साईराजनं पातेल्याची एक कडी धरली. दुसरी पारसनं धरली. पातेलं काट्यापाशी आलं आणि काटा मागं राहिला. टाकीचं तोंड मागं राहिलं. फाटक ओलांडून दोघं अंगणवाडीच्या रस्त्याला लागले.

"अरे, कुठे निघालास? नोकरी करायची आहे ना?"

साईराज थांबला नाही.

"आदी ह्याचं खरकटं तरी हुंद्या, सायेब."